टिप्सी कोणाला म्हणायचं

'टिप्सी' या इंग्रजी शब्दावर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. शब्दकोशात त्याचा अर्थ 'किंचित प्यालेला, जराशी चढलेला' असा दिला आहे आणि मूळ क्रियापद कलण्याचं आहे. म्हणजे माणूस कलला आहे, पण अजून पडलेला नाही. ऐकायला गोड शब्द आहे. पण मी वाढले त्या घरात दारूच्या बाबतीत कललेला माणूस नव्हताच. आमच्याकडे दोनच प्रकार होते, पिणारा आणि न पिणारा.

बाबा शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात दारूबंदीची पत्रकं लिहायचे. आई ती गावोगाव घेऊन फिरायची. गावातलं दुकान बंद करायला बायकांचं मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली असते आणि एक आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकानाला कुलूप लागतं. मतदान जवळ आलं की आम्ही भावंडं फरशीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायचो. मला वाचता यायला लागलं ते त्या पत्रकांवरच. त्यांत 'झिंगलेला' असायचा, 'तर्र' असायचा, पण 'जरासा' कुठेही नसायचा. 'जरासा' हा दुकानदाराचा शब्द आहे, असं आई म्हणायची.

इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला आल्यावर मला एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅन्युअल लिहिण्याचं काम मिळालं. कुठलं बटण दाबलं की काय होतं, ते साध्या इंग्रजीत लिहायचं. इंग्रजी सुधारावं म्हणून मी चॅरिटी शॉपमधून जुन्या कादंबऱ्या उचलून आणायचे आणि शब्द वहीत उतरवून घ्यायचे. वहीतली तीन पानं या एका शब्दाने खाल्ली. कारण हा शब्द कोणाच्या वाट्याला येतो ते मी मोजायला लागले होते. लग्नात नाचणारे मामा टिप्सी असतात. शेरीचा दुसरा पेला घेतलेले पाद्री टिप्सी असतात. ख्रिसमसला आलेली अविवाहित आत्या टिप्सी असते. टिप्सी माणूस कोणाला मारत नाही. तो गाणं म्हणतो, चुकीच्या खोलीत शिरतो, सोफ्यावर झोपतो आणि पुढच्या प्रकरणात सगळे त्यावरून हसतात. त्याच कादंबरीतला गाडीवान मात्र ड्रंक असतो, स्वयंपाकीणही ड्रंक असते. त्यांच्या तोंडाला वास येतो. मामांच्या तोंडाला वास आल्याचं कुठल्याच लेखकाने लिहिलेलं मला सापडलं नाही. तरुण बाईची गत आणखी निराळी. ती टिप्सी झाली की चार पानांत तिचं काहीतरी वाईट होतं आणि ते होण्याआधीच लेखकाने त्या एका शब्दात दोष तिच्या पदरात घालून ठेवलेला असतो.

वहीत मी शेवटी लिहिलं होतं: किती प्याली ते या शब्दावरून कळत नाही, कोण प्यालं ते कळतं.

माझी फ्लॅटमेट ते वाचून म्हणाली, "बाप्पा! तू डिक्शनरीवर एफआयआर करून राहिली का?"

ती नागपूरची. माझ्याच कंपनीत टेस्टर होती. ठरत आलेलं लग्न मोडून इथे आली होती आणि परत जायची तिची अजिबात तयारी नव्हती. तिचा व्हिसा कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर होता. नोकरी गेली तर साठ दिवस. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली नाही तर विमान. माझा व्हिसा वेगळा होता, नोकरीवर अवलंबून नसलेला, मला ती भीती नव्हती. हे मी त्या वेळी पुरेसं लक्षात घेतलं नव्हतं.

तिच्या टीमचं काम एका मोठ्या क्लायंटसाठी चाललं होतं. पेशंटना अपॉइंटमेंटची पत्रं आपोआप पाठवणारी सिस्टीम. टेस्टरने एकेक टेस्ट चालवायची आणि निकाल शीटमध्ये भरायचा, पास झाली तर ओळ हिरवी, फेल झाली तर लाल. वसंतात तिच्या लक्षात आलं की काही ओळी न चालवताच हिरव्या झाल्या आहेत. ती मॅनेजरकडे तीनदा गेली. तिन्ही वेळा उत्तर एकच, काम सोपवायची डेट जवळ आली आहे, आत्ता हिरवं करून ठेवू, मग सवडीने चालवू.

मॅनेजर पुण्याचे. पंधरा-सोळा वर्षं इथे राहिलेले, नव्याने येणाऱ्या मराठी मुलामुलींना एअरपोर्टवरून घरी आणणारे. तिला पहिले तीन दिवस त्यांनीच घरी ठेवून घेतलं होतं. आमचा प्रेशर कुकर त्यांच्या बायकोचा, वहिनींचा होता. माणूस वाईट आहे असं म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. पण इतक्या उपकारांच्या माणसाला तिने चौथ्यांदा जाऊन विचारलं नाही, हे मला खटकत होतं. उपकारांमुळे ती पुन्हा विचारणार नाही, हे त्यांना माहीत असावं असाही मला संशय होता.

जुलैतल्या एका गुरुवारी टीमचं जेवण ठरलं, कालव्याकाठच्या एका पबच्या बागेत, भर दुपारी. क्लायंटकडून दोघी आल्या होत्या. त्याच सिस्टीमचं मॅन्युअल मी लिहीत होते म्हणून मलाही बोलावलं. गाडी माझी होती, माझी फ्लॅटमेट, एव्हाना मैत्रीणच, माझ्याबरोबर आली. तिचा गुरुवारचा उपास होता. सकाळपासून एक कप दूध पोटात. टेबलावर सँडविच, मटणाचे पॅटिस, माशांच्याच तेलात तळलेले चिप्स, म्हणजे तिच्यासाठी काहीच नाही. फक्त तांबूस पेयाचे काचेचे मोठे जग होते. त्यांत स्ट्रॉबेरी, संत्र्याच्या चकत्या, काकडी, पुदिना, वर बर्फ.

"फळं तर आहेत ना," ती म्हणाली. तिने एक वाटी घेतली आणि चमच्याने जगमधली फळं काढून खाऊ लागली. मी पलीकडच्या टेबलापाशी जाऊन बसले. एकदा बघितलं तेव्हा तिची वाटी परत भरलेली होती.

तीनच्या सुमारास क्लायंटकडच्या दोघींपैकी एका बाईंनी सहज विचारलं, टेस्टिंग कसं चाललंय. मॅनेजर "ऑल ग्रीन" म्हणाले. माझी मैत्रीण उठून उभी राहिली. एक हात खुर्चीच्या पाठीवर होता. ती स्वच्छ इंग्रजीत, जरा मोठ्याने म्हणाली की अकरा टेस्ट अजून चालवलेल्याच नाहीत, शीटमध्ये त्या हिरव्या आहेत आणि पत्ता बदललेल्या पेशंटचं पत्र नव्या घरी जाणार की जुन्या, ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. मग ती बसायला गेली, खुर्ची सरकली आणि शेजारचा ग्लास गवतावर पडला.

मॅनेजर मोठ्याने हसले. "शी इज अ बिट टिप्सी, ब्लेस हर."

सगळे हसले. क्लायंटच्या बाईही हसल्या, पण अर्ध्यावर थांबल्या. मी त्यांच्याकडेच बघत होते. वहीतला शब्द माझ्यासमोर काम करताना मी पहिल्यांदा पाहिला. तो उच्चारल्याबरोबर अकरा टेस्ट ग्लासाबरोबर गवतात गेल्या आणि टेबलावर उरली ती एक चढलेली मुलगी.

गाडीत बसल्यावर मला वास आला.

"किती घेतलीस?"

"एक थेंब नाही घेतला."

"वास येतोय."

"तुझं नाक पण दारूबंदीवालं आहे."

ती खोटं बोलते आहे याची मला खात्री होती. तिने बोललेलं सगळं खरं होतं याचीही खात्री होती. या दोन खात्र्या एका गाडीत मावत नव्हत्या. घरी आल्यावर ती खोलीचं दार लावून झोपली आणि मी स्वयंपाकघरात तिच्यावर चिडून बसून राहिले. पिऊन कशाला बोललीस, न पिता बोलली असतीस तर कोणाची हसायची हिंमत झाली असती?

शुक्रवारी क्लायंटच्या बाईंचा ईमेल आला, त्या अकरा टेस्टची यादी पाठवा. दुपारी एचआरचा ईमेल आला. क्लायंटसमोरच्या वर्तनाची चौकशी. मॅनेजरांच्या तक्रारीत आता 'इंटॉक्सिकेटेड', म्हणजे नशेत असलेली, हा शब्द होता. गुरुवारी ती टिप्सी होती, शुक्रवारी इंटॉक्सिकेटेड झाली. मधल्या वेळात तिने फक्त झोप काढली होती. मी त्या टेबलांजवळ होते आणि तिला घरी मीच नेलं, म्हणून माझ्याकडून मंगळवारपर्यंत लेखी जबाब मागितला होता.

मॅनेजरांनी मला ऑफिसच्या किचनमध्ये गाठलं. चहा करता करता मराठीत म्हणाले, "हे बघ, तिचं वाईट व्हावं असं मला अजिबात वाटत नाही."

"मग तक्रार कोणी केली?"

"करावी लागते गं. क्लायंटचा ईमेल आल्यावर मी गप्प बसलो तर मीच अडकतो. तू असं कर. 'ड्रंक' लिहू नकोस, 'सोबर' तर नकोच. टिप्सी लिही. तो शब्द इथे सगळ्यांना चालतो. ती सॉरी म्हणेल, एक वॉर्निंग मिळेल, विषय संपेल. तू लिहिणारी आहेस, तुला शब्दाचं वजन कळतं."

"आणि त्या अकरा टेस्ट?"

त्यांनी टी-बॅग पिळून बाजूला ठेवली. "त्या आम्ही बघतो. दूध घेतेस?"

मला दूध नको होतं. संध्याकाळी घरी पोचले तर मैत्रिणीनेही तेच मागितलं. "टिप्सी लिही ना. छोटा शब्द आहे. त्याने नोकरी जात नाही, तूच तर वहीत लिहिलंय."

"मामांची जात नाही. तू त्यांचा मामा आहेस का?"

"लेक्चर नको देऊ."

"मग खरं सांग. प्यायलीस की नाही?"

तिने नखाने टेबलावरचा डाग खरवडला. मग म्हणाली, "प्यायले नाही. फळं खाल्ली."

मला आधी कळलंच नाही. तिने सांगितलं, जगमधलं पेय तिने घेतलंच नव्हतं, तिला सरबतच वाटलं होतं ते, पण रंग बघून नको वाटलं. फक्त फळं. आणि ती फळं सकाळपासून त्या पेयातल्या दारूत भिजत पडली होती. रिकाम्या पोटी दोन वाट्या.

"हे तू गाडीत का नाही सांगितलंस?"

"तुला? तुझ्या नजरेत मी त्याच्या आधीच बेवडी झाली होती. आणि आईला काय सांगू, गुरुवारी दारूतली स्ट्रॉबेरी खाऊन उपास मोडला म्हणून?" ती रडता रडता हसायला लागली. मीही हसले. मग ती डोळे पुसून म्हणाली, "दुसऱ्या वाटीला कळलं होतं मला. कडू लागत होतं, कान गरम झाले होते. तरी खाल्लं."

"का?"

"बरं वाटून राहिलं होतं. भीती कमी वाटत होती." मग ती म्हणाली, "पण बोलायचं ते मी बुधवारीच ठरवलं होतं. बाथरूममध्ये इंग्रजीत पाठ केलं होतं."

पत्रकात हे कुठे बसतं? पिणारा की न पिणारा? शनिवारी मी आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. फळांचं सांगताना मला वाटलं आता भाषण येणार.

"ती बोलली ते खरं आहे का?" तिने विचारलं.

"खरं आहे."

"मग तुझं अडलंय कुठे?"

"तिची नोकरी जाईल."

"ते मला काय विचारतेस? तिला विचार की."

मी तिला विचारलं नाही. मी लिहायला बसले. दोन पानं झाली. त्यांत त्या शब्दाचा इतिहास होता, मामा आणि गाडीवान होते, सत्य बोलणाऱ्या बाईला चढलेली ठरवण्याची जुनी रीत होती, चार ठिकाणी उद्गारचिन्हं होती. एवढं चांगलं इंग्रजी मी त्याआधी लिहिलं नव्हतं. रविवारी सकाळी मी ते तिच्यापुढे ठेवलं.

तिने शांतपणे वाचलं आणि पानं पालथी घातली.

"हे कोणासाठी लिहिलं?"

"तुझ्यासाठी."

"खोटं. व्हिसा माझा जाईल आणि पत्रक तुझं छान होईल."

मला वाईट वाटलं. मॅनेजरांना तिच्या बाबतीत सोयीचा शब्द हवा होता, तसा मलाही हवा होता. त्यांना ती चढलेली हवी होती. मला ती शूर हवी होती. दोघांपैकी कोणीही तिला विचारलं नव्हतं. दोन दिवस मी सगळ्यांवर संशय घेत होते, त्यातून स्वतःला वगळलं होतं.

"तुला काय हवंय?" मी विचारलं.

"नोकरी हवी. आणि काय!"

"मग टिप्सी लिहू?"

ती उठून खिडकीपाशी गेली. खाली रेडवेवर, इथल्या सायकलींच्या वाटेवर, एक बाई दोन मुलांना सायकल शिकवत होती. ती तिकडेच बघत म्हणाली, "माझी मावशी आहे ना, हार्टची पेशंट. मागच्या वर्षी घर बदललं तिने. तिच्या हॉस्पिटलचं सगळं कागदांवर चालतं. एक कागद जुन्या घरी गेला आणि तिची तारीख हुकली." मग वळून म्हणाली, "तू टिप्सी लिहिलं तर मी टिप्सी राहते. आणि टिप्सी राहिले तर त्या अकरा हिरव्याच राहतात. बरोबर ना?"

"मला तसं वाटतं. पण साठ दिवस तुझे आहेत."

"ते मला माहीत आहे. तू सारखं मोजून नको दाखवू." ती परत येऊन बसली. "नवीन लिही. छोटं. तू जे बघितलं तेवढंच. फळांचं पण लिही, लपवून काय करायचं. आणि माझं वाक्य जसंच्या तसं ठेव. वर्णन नको करू माझं."

आम्ही मिळून लिहिलं. नऊ वाक्यं झाली. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिने जगमधल्या फळांच्या दोन वाट्या खाल्ल्या. ती खुर्चीला धरून उभी राहिली. ती हे म्हणाली. बसताना खुर्ची सरकली आणि ग्लास पडला. मॅनेजर हे म्हणाले. गाडीत मला वास आला. ती जिना चढून स्वतः घरात गेली. शेवटचं वाक्य मी घातलं, की त्याच विषयावर ती त्याआधी तीनदा मॅनेजरांशी बोलली आहे, असं तिने मला त्या त्या वेळी सांगितलं होतं. ते वाक्य तिने दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं. तिने स्वतःचा जबाबही लिहिला. त्यात तिने एकच गोष्ट माझ्यापेक्षा जास्त लिहिली: फळं खाल्ली नसती तरी मी हेच बोलले असते, कदाचित हळू आवाजात.

मंगळवारी एचआरच्या बाईंनी माझा जबाब वाचून चष्मा काढला. "हेल्पफुल आहे. पण तुमच्या शब्दांत सांगायचं तर ती टिप्सी होती, असं म्हणता येईल का?"

"माझे शब्द तुमच्या हातात आहेत," मी म्हणाले. "ती म्हणाली ते तपासता येतं. शीट आहे, मशीनचा लॉग आहे. कुठली टेस्ट कधी चालली त्याची वेळ लॉगमध्ये असते."

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. मी उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही. त्या भल्या होत्या की फक्त सवयीने गोड बोलत होत्या, हे मला आजही सांगता येत नाही.

मधले दहा दिवस वाईट गेले. मैत्रीण रोज लॅपटॉपवर जागा शोधायची, मेडनहेड, क्रॉयडन, कुठेही, आणि स्पॉन्सरशिप देणार का या ओळीपाशी थांबायची. वहिनींचा फोन येणं बंद झालं. मॅनेजर रोज सकाळी आम्हा दोघींना गुड मॉर्निंग म्हणत होते, पूर्वीसारखंच, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटायची. एकदा लिफ्टमध्ये ते तिला म्हणाले, "आधी माझ्याशी बोलायचं होतंस." ती म्हणाली, "तीनदा बोलले होते, सर. तुम्हाला मोजायचं नव्हतं." इतकी वर्षं ते तिला 'सर म्हणू नकोस' सांगत होते. त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही.

मग पत्र आलं. कार्यक्रमांत खाण्यापिण्याची काळजी घ्यावी अशी समज, पुढची कारवाई नाही. तिने मांडलेल्या मुद्द्याचा विचार वेगळा केला जाईल. तिने पत्र मला दिलं आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आली. नोकरी राहिली होती. मॅनेजरही राहिले होते. वेगळा विचार म्हणजे काय, ते पत्रात नव्हतं आणि अशा वाक्यांखाली काय काय पुरतात ते मी कामातच शिकले आहे. पण पुढच्या सोमवारी क्लायंटच्या त्याच बाई ऑफिसात आल्या आणि अकरा टेस्ट आमच्यासमोर चालवा म्हणाल्या. चालवायला माझ्या मैत्रिणीला बसवलं. मॅन्युअलसाठी नोंदी घ्यायच्या म्हणून मी शेजारी बसले.

पहिल्या तीन पास झाल्या. मॅनेजर मागे हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. चौथी पत्त्याची होती. तिने एका खोट्या पेशंटचा पत्ता बदलला, सेव्ह केला आणि पत्र काढलं. प्रिंटरमधून कागद आला. त्यावर जुनंच घर होतं.

क्लायंटच्या बाईंनी तो कागद हातात घेऊन दोनदा वाचला. "असं किती जणांचं झालं असतं?"

"माहीत नाही," माझी मैत्रीण म्हणाली. तिने ओळ लाल केली आणि पाचवी टेस्ट लावली.